दोन तासांवरचा मुलगा

"ताई, दोन तासांचं तर विमान आहे. मी येईपर्यंत आईची श्वासाची नळी काढू देऊ नकोस," भाऊ फोनवर म्हणाला.

"विमान कितीचं ते नको सांगू. तू कधी पोचतोस ते सांग."

"आजचं थेट विमान फुल आहे गं. मधे बदलून यावं लागेल. उद्या दुपारपर्यंत येतो बघ."

मी अतिदक्षता विभागाच्या दाराशी दातओठ खात उभी होते. मी शाळेची व्हॅन चालवते. लोकांची मुलं वेळेवर पोचवण्यात जन्म चाललाय, आणि माझ्या आईचा एकुलता एक मुलगा काही मला पोचवता येत नाही.

हे दोन तास तो नोकरीला गेला तेव्हापासून ऐकतेय. आईला केवढं कौतुक! मामेबहीण समुद्रापलीकडे, तिला यायला अख्खा दिवस लागतो. आपला कसा हाकेच्या अंतरावर. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. दर वेळी याचं एकच, "काही लागलं तर सांग, दोन तासांत हजर." मामेबहीण मात्र दरवर्षी येऊन आईला भेटून गेली. लांबचा माणूस आधीपासून तिकीट काढून ठेवतो. हा कधीही येऊ शकत होता, म्हणून आलाच नाही. त्या दोन तासांचाच मला संताप येतो. खरंच लांब असता, तर आईने वाट बघणं तरी सोडलं असतं.

ही नळीसुद्धा त्याचीच करणी. "मला नळ्याबिळ्या नकोत हं," आईने मला बजावलं होतं. पण तिला धाप लागून शुद्ध हरपली, तेव्हा यानं फोनवरून डॉक्टरांना फर्मान सोडलं, "सगळं करा." त्यांनी केलं. शुद्धीवर आल्यावर ती नळी ओढायला लागली, म्हणून तिचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या बाईचे हात!

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता सुधारणा नाही. नळी काढली तर त्या फार वेळ राहणार नाहीत, पण त्रास होऊ देणार नाही. त्यांना समजतंय सगळं. त्यांनाच विचारा."

फोन ठेवून मी आत गेले.

"आई, नळी काढायची?"

तिने जोरात मान हलवली. हो.

तिथेच गप्प बसले असते तर सुटली असती बिचारी. पण तिच्याशी लपवाछपवी मला कधी जमली नाही.

"तो येतोय. उद्या दुपारी. थांबायचं त्याच्यासाठी?"

तिची नजर माझ्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. मग तिने मान हलवली. हो.

माझं डोकंच फिरलं. "अगं, आजवर थांबलीस ते कमी झालं का? रोज तुझं सगळं करणारी मी इथे उभी आहे ना!"

नर्स धावत आली. "ताई, हळू बोला."

"या पट्ट्या सोडा आधी."

"ओढतील हो त्या नळी."

"नाही ओढणार आता."

पट्ट्या सुटल्या. मनगटांवर लाल वळ होते. यंत्र आत हवा ढकलत होतं आणि दर खेपेला आईचा चेहरा आवळत होता. तिने दोन्ही हात वर नेले. नर्स पकडायला पुढे झाली.

आईने कपाळावरचे केस मागे सारले, कानांमागे नीट बसवले, आणि हात पोटावर ठेवून दाराकडे बघत पडून राहिली.