मोजणीदाराचे घर

“सरका, हिला जागा द्या,” असे म्हणत पक्षीताईंनी वीट मोजणीदाराच्या टेबलावर ठेवली, आणि दारात जमलेल्यांत हशा पिकला.

वीट म्हणजे एक निकामी झालेली, वजनदार डिस्क. त्या संशोधनसंस्थेतले सारे जण एकाच सर्व्हरवर काम करत. त्यावर प्रत्येकाचे स्वतंत्र होम फोल्डर असे. त्याला सगळे घरच म्हणत. कोणाच्या घराने किती जागा अडवली याचा अहवाल दर सोमवारी आपोआप सर्वांना जाई, आणि ज्याचे नाव शिरोभागी, त्याने आठवडाभर वीट टेबलावर मिरवायची. हा अहवाल बसवणाऱ्या, सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचे नाव मोजणीदार पडले होते. वीट बहुधा पाखरांचे आवाज जमवणाऱ्या पक्षीताईंच्याच मुक्कामी असे. आज मात्र शिरोभागी खुद्द मोजणीदार होता.

चूक त्याच्या लगेच ध्यानात आली. स्वतःचे घर मोजणीतून वगळणारी एक ओळ त्याने प्रारंभी लिहिली होती. तेव्हा त्या घरात मोजमापाच्या हत्यारांवाचून काही नव्हतेच. परवा अहवालाचा प्रोग्राम नव्याने लिहिताना ती ओळ राहून गेली.

“दिव्याखाली अंधार,” ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. “पण हसण्यावारी नेऊ नका. माझी आवाजांची छाननी सर्व्हरवर चालू आहे. संध्याकाळपर्यंत जागा झाली नाही, तर ती मध्येच बंद पडेल आणि उन्हाळाभराची मेहनत पाण्यात.”

त्याने घर उघडले. आत प्रत्येकाच्या नावाचे फोल्डर होते, आणि त्यांत त्याच्याच तगाद्याला कंटाळून लोकांनी टाकून दिलेला पसारा. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याच्या सांगण्यावरून एकाने काही पुसले होते आणि दुसऱ्या दिवशी तो डोळे भरून दारात उभा राहिला होता. तेव्हापासून कोणी ‘काका, हे पुसून टाका’ म्हटले, की तो ते गुपचूप आपल्या घरी आणून ठेवी. मूठमूठ आणलेल्याचा डोंगर झाला, आणि एवढे दटावूनही जागा का वाढत नाही याचे कोडे त्यालाच पडत राहिले. बायको म्हणे ते काही खोटे नव्हते: रिकामी बरणीसुद्धा याच्या हातून सुटायची नाही.

त्याने सर्वांना निरोप धाडला, की आपापले ओळखून पेनड्राइव्हवर न्या, दुपारनंतर उरेल ते जाईल. आणि दालनात माणसांची रीघ लागली. कोणाला फसलेल्या प्रबंधाचे पहिले प्रकरण सापडले, तो ते मोठ्याने वाचून स्वतःलाच हसू लागला. कोणाला लेकीचे पहिल्या पावलांचे छायाचित्र मिळाले. विसरलेले आयुष्य परत मिळण्याचा आनंद किती गोंगाटी असतो, हे मोजणीदार कोपऱ्यात उभा राहून पाहत होता.

गर्दी ओसरल्यावर ताई खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या फोल्डरच्या तळाशी एक फाइल होती, ‘दलदल, पहाट’.

“हे मी पुसायला सांगितलं होतं तुम्हाला,” त्या हळूच म्हणाल्या. “दुसरी प्रत होती ना घरच्या संगणकावर. ती पुढं खराब झाली.”

“मग विचारायचं नाही का, ताई?”

“कोणत्या तोंडानं? पुसा म्हणून मीच सांगितलेलं.”

त्याने फाइल लावली. प्रथम नुसते पाणी. मग धुक्यातून कोणी हलकेच दार लोटावे तशी एक शीळ. ती दलदल बुजवून आता तिथे इमारती उभ्या होत्या. शीळ संपली तरी ताईंचा हात कानाशीच होता.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. डोळे पुसताना त्या हसत होत्या.

उरलेले त्याने पुसले. या वेळी खरोखरच. ताईंची छाननी संथपणे पुढे सरकू लागली. संध्याकाळी त्याने मोजणी पुन्हा केली, तेव्हा त्याचे घर सर्वांच्या तळाशी होते. वगळणारी ओळ त्याने परत लिहिली नाही.

“आता द्या ती वीट,” जाता जाता ताईंनी हात पुढे केला. “मान पुन्हा माझाच.”

“सोमवारी,” तो म्हणाला. “आठवडा माझा आहे.”

फडक्याने त्याने विटेवरची धूळ पुसली आणि ती दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टेबलाच्या मधोमध ठेवली. शेजारच्या खोलीत ताईंनी शीळ पुन्हा लावली होती.