फुकट आलेली सवत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. एका रुग्णालयाच्या संगणक विभागात, टेबलाच्या खालच्या खणात माझे बिऱ्हाड आहे. अंगावर ओरखडे उठले आहेत, आत्ताआत्तापर्यंत वायरही चिकटपट्टीने बांधलेली होती. पण एके काळी माझा काय थाट होता म्हणून सांगू!

कारखान्यातून निघाले ती मी थेट ताईंच्या हाती पडले. ताई म्हणजे इथले सगळे संगणक सांभाळणाऱ्या बाई. एखादा संगणक नीट बसवला, की त्यातले सगळे जसेच्या तसे त्या माझ्यात उतरवून घेत. त्याला त्या ‘इमेज’ म्हणत. मग कुठे काही बिघडले, की मला पिशवीत घालून तिकडे धावत. मला जोडले, की आजारी संगणक पुन्हा कामाला लागे.

“आली का ताईंची डबी?” परिचारिका विचारायच्या. मी फुलून जायची.

मग ती आली. एक नवी संगणकप्रणाली, इंटरनेटवरून, चक्क फुकट! ताईंच्या नव्या सहकाऱ्याने ती सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना जोडलेल्या मुख्य संगणकावर बसवली. महाराणी जागची हलायची नाही. बसल्या जागेवरून, तारांमधून, सगळ्या संगणकांत एकदम इमेज उतरवायची. वर कोणत्या खोलीत कोणते यंत्र आहे, कोण थकले आहे, याची नोंदही ठेवायची.

“ताई, एक्स-रे खोलीतली डिस्क आता जाणार, असं ही सांगतेय,” सहकारी एकदा म्हणाला.

“बरं झालं, आधीच कळलं. गुणाची पोर आहे हो ही!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कधी कुणी गुणाची म्हटले होते? खणात पडल्या पडल्या मी एकच मागायची, एकदा हिचे नाक कापले जाऊ दे.

एका सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. नोंदणीचे संगणक बिघडले आणि सर्व्हरही उठेना. रांग दारापर्यंत गेली. तापाने फणफणलेले बाळ कडेवर घेऊन एक आई सारखी खिडकीत डोकावत होती. ‘बरी जिरली!’ मी मनात म्हणाले. तेवढ्यात खण उघडला. आता माझी मिरवणूक निघणार!

पण ताईंनी मला थेट सर्व्हरलाच जोडले.

“हिच्यात काय आहे?” सहकाऱ्याने विचारले.

“तुझ्या त्या पोरीचीच प्रत. मीच ठेवली होती.”

मित्रांनो, आमच्या पोटात काय उतरवतात ते आम्हाला वाचता येत नाही. इतके दिवस मी माझ्या सवतीलाच पोटात सांभाळत होते! संतापाने माझी चकती कुरकुरली, अडखळली. ताईंचा चेहरा उतरला.

“अगं बाई, आज दगा देऊ नकोस गं.”

बाहेर बाळ रडले. मी राग गिळला आणि फिरत राहिले. सर्व्हर उठला. पाठोपाठ तिने सगळे संगणक एकदम उभे केले. बाळ आत गेले.

“काय झकास सिस्टीम आहे!” परिचारिका म्हणाल्या. कौतुक तिचेच! ताईंनी मात्र मला हळूच पुसले आणि नवी वायर आणली.

आता दर महिन्याला मी तिची ताजी प्रत पोटात घेते. मेली वाढतेच आहे! मत्सर काही गेला नाही, खोटे कशाला बोलू? तुम्हीही आपल्या कामाची एक प्रत वेगळी ठेवा. आणि ती सांभाळणारीला अधूनमधून बाहेर काढून विचारा, “बाई, तू बरी आहेस ना?”