पाणथळ कुळाची चाळीस कार्डं

हिमानी ठवकर सलग दोन वर्षं 'सप्तखंड'च्या एक-कुळ स्पर्धेत उतरली आणि दोन्ही वर्षं पहिल्याच फेरीत गारद होऊन बेसाला घरी परतली. पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी, घर, स्वयंपाक, आणि त्यातून काढलेला रविवार. तोही असा अर्ध्या तासात संपायचा.

सप्तखंड हा दोघांनी खेळायचा कार्डांचा खेळ. प्रत्येकाकडे चाळीस कार्डांचा डेक आणि वीस प्राण. कार्डांवर ड्रॅगन, वनराक्षस, जलचर, जादूगार. ज्याचे प्राण आधी संपले तो हरला. लक्ष्मीनगरात नीलाचं बोर्ड गेमचं दुकान होतं, तिथे दर डिसेंबरात ही स्पर्धा व्हायची. अट एकच: चाळीसही कार्डं एकाच कुळातली हवीत. बहुतेक जण अग्निवंश घ्यायचे, म्हणजे ड्रॅगन. दोन वर्षांचा विजेता आर्यन हाही ड्रॅगनवालाच.

हिमानीने दोन्ही वेळा इंटरनेटवरून दुसऱ्याचा डेक जसाच्या तसा उचलला होता. यंदा तिने ठरवलं, हरायचंच असेल तर आपल्या डेकने हरू. आणि तिने निवडलं पाणथळ कुळ. बेडूक, गोगलगाई, पाणसाप, बगळे. ही कार्डं प्रत्येक पाकिटात निघायची आणि लोक ती टेबलावरच सोडून जायचे. नीलाने खोकंभर कार्डं तिच्या हवाली केली.

"घेऊन जा," नीला म्हणाली. "पण हिमानी, या कुळाने आजवर एक फेरीसुद्धा काढलेली नाही हं."

एका रविवारी नवरा बंटी बुटीबोरीला कारखान्यात ड्यूटीवर गेला होता. हिमानीने हॉलमध्ये सतरंजी टाकून सगळी कार्डं मांडली. सासूबाई, कुसुमताई, सोफ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या कुही गावच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बेसाला आल्या आणि मुलाने परत जाऊच दिलं नाही. चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नसे. सुनेच्या या खेळाबद्दल त्या आजवर अवाक्षर बोलल्या नव्हत्या आणि हिमानीने त्याचा अर्थ नाराजी असाच घेतला होता.

"काय वं, हे काय मांडून राहिली?" कुसुमताईंनी विचारलं.

"खेळ आहे आई. स्पर्धा आहे. आवरते मी लगेच."

"आवर कोण म्हणते तुले? हा खेकडा काहून घेतला?"

हिमानीने वर पाहिलं. ताट बाजूला ठेवून सासूबाई सतरंजीच्या काठाशी येऊन बसल्या होत्या. नव्या डोळ्यांनी एकेक चित्र निरखत होत्या.

"सगळ्यात ताकदवान आहे तो या कुळात. म्हणून चार घेतले."

"अन् हा धुरा न?" त्यांनी बांधाच्या कार्डावर बोट ठेवलं. "धुऱ्याजवळ खेकडा ठेवते काय कोणी? पोखरते तो. रात्रीतून धानाच्या बांधीतलं सगळं पाणी जाते."

हिमानी हसली, पण हसता हसता तिने खेकड्याचं कार्ड उचललं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. खेकडा मैदानात असेपर्यंत दर फेरीला पाणी एक पातळी उतरतं. चार महिने हे कार्ड तिच्याकडे होतं आणि ती फक्त ताकदीचा आकडा बघत होती. पाणथळ कुळाचा सगळा जोर पाण्यावर. एक बांध घातला की पाणी एक पातळी चढतं, आणि तीन पातळ्या झाल्या की जमिनीवरचा परका प्राणी चिखलात रुततो, त्याला हलताच येत नाही. आणि तिचेच खेकडे ते पाणी सोडून देत होते.

चारही खेकडे बाहेर गेले.

"पण आई, खरी पंचाईत वेगळीच आहे," ती म्हणाली. तिला आता राहवेना. तिने ड्रॅगनचं कार्ड पुढे केलं. "हा उडतो. पाण्याने याला काहीच होत नाही. एका हल्ल्यात सहा प्राण नेतो."

कुसुमताईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "उडते तं उडू दे. पण बसते कुठं हा?"

"म्हणजे?"

"एवढं मोठं धूड उडून उडून थकन का नाई? बगळासुद्धा बसते. हा कुठं बसते?"

हिमानीने त्यांच्या हातातून कार्ड जवळजवळ हिसकावूनच घेतलं. ड्रॅगनची बारीक अक्षरं कोणीच वाचत नसे. हल्ला केल्यावर ड्रॅगन पुढची एक फेरी जमिनीवर विसावतो.

जमिनीवर! आणि जमिनीत त्या वेळी तीन पातळ्या पाणी असेल तर?

"आई," ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी खेळाल?"

त्या दिवसापासून संध्याकाळी स्वयंपाक उरकला की दोघी सतरंजीवर बसायच्या. हिमानीने वहीची पानं कापून अग्निवंशाचा नकली डेक केला, तो कुसुमताईंना दिला. ज्या बाईने तीस वर्षं धानाची रोवणी केली ती आता ड्रॅगन सोडायची आणि सुनेचे बांध जाळायची. जाळतानाचा त्यांचा आनंद पाहण्यासारखा असायचा. अग्निवंशाकडे 'वणवा' नावाचं कार्ड होतं, डेकमध्ये एकच ठेवता येणारं. त्याने एक बांध जळतो, पाणी एक पातळी उतरतं.

"पुन्हा घाई केली तू," त्या म्हणायच्या. "पाणी भरलेलं दिसलं का मी जाळनच न."

पहिले दहा-बारा डाव हिमानी हरली. मग हळूहळू तिला कळलं की बांध हातात आले म्हणून लगेच घालायचे नसतात. वणवा खर्च होऊ द्यायचा. ड्रॅगन येऊ द्यायचे, मार खायचा, आणि ते खाली बसले की मगच पाणी चढवायचं. घाई नको एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या, बाकीचं कोणी सांगितलं नव्हतं. हरून हरून तिचं तिलाच उमगलं. तिने भरमसाट बेडूक कमी केले, मार सोसणाऱ्या गोगलगाई वाढवल्या, बगळे तीनच ठेवले. नोव्हेंबर संपता संपता कुसुमताई एकदा लागोपाठ पाच डाव हरल्या आणि कागदाचे ड्रॅगन सतरंजीवर टाकून म्हणाल्या, "आता मले काही सुचून नाई राहिलं."

स्पर्धेला सोळा जण होते. कुसुमताईही आल्या होत्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

"ताई, पाणथळ?" आर्यनने नावांच्या यादीत पाहून विचारलं. तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, स्वभावाने वाईट नव्हता, पण जिंकायची सवय झालेला. "अहो, ती तर आम्ही पुस्तकात खूण म्हणून ठेवतो."

हिमानीने पहिली फेरी काढली तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. दुसरी काढली तेव्हा दोघं-तिघं खुर्च्या ओढून आले. उपांत्य फेरीत वनराक्षसांची अख्खी फौज चिखलात रुतली आणि दुकानातले बाकीचे खेळ बंद पडले.

अंतिम फेरीत समोर आर्यन. कुसुमताई हिमानीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. बोलायचं नाही, अशी नीलाने त्यांना ताकीद दिली होती.

आर्यनचा पहिला ड्रॅगन लवकर मैदानात आला. हिमानीचे विसाचे चौदा झाले. ड्रॅगन विसावला, पुन्हा उडाला. चौदाचे आठ. पाणी दोन पातळ्या चढलं होतं. हातात आणखी दोन बांध होते. मागून खुर्ची करकरली. हिमानीने बांध घातले नाहीत, एक बगळा तेवढा ठेवला.

पहिला ड्रॅगन विसावलेला असताना आर्यनने दुसरा आणला. पुढच्या फेरीत वणवा टाकला. एक बांध जळाला, पाणी एका पातळीवर आलं.

"सॉरी ताई," तो म्हणाला आणि दोन्ही ड्रॅगन एकदमच सोडले.

एक ड्रॅगन बगळ्याने अंगावर घेतला, बगळा मेला. दुसऱ्याने सहा प्राण नेले. उरले दोन. आर्यन मागे रेलून बसला. पुढच्या हल्ल्यात काम तमाम होणार होतं.

हिमानीने हातातली कार्डं पाहिली. एका फेरीत दोन कार्डं खेळता येतात. तिने पहिला बांध ठेवला. मग दुसरा.

"पाणी तीन," ती म्हणाली. "तुझे दोन्ही ड्रॅगन आत्ता जमिनीवर आहेत. रुतले."

"ड्रॅगन उडतात हो," आर्यन म्हणाला.

"उडत असले तर. आत्ता बसलेत."

आर्यनने स्वतःचंच कार्ड उचललं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. नीला वाकली, तिनेही वाचलं, नियमांचं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"बरोबर आहे. रुतले."

दुकानात एकच गिल्ला झाला. कोणीतरी शिट्टी मारली. पुढचा अर्धा तास हिमानीला घाई नव्हती. बेडूक एक प्राण न्यायचा, पाणसाप दोन. आर्यनला तिसरा ड्रॅगन काही मिळाला नाही; त्याने जमिनीवरचे नवे प्राणी आणले, तेही चिखलात रुतले. विसाचे अकरा, अकराचे पाच. शेवटचा प्राण एका साध्या बेडकाने नेला, आणि आर्यन उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हातांनी हिमानीचा हात धरला.

"ताई, हा डेक मला बघू द्या. प्लीज. एकेक कार्ड बघू द्या."

हिमानीने मान डोलावली. ती वळली. कुसुमताई दोन्ही तळवे तोंडावर धरून बसल्या होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बांध काहून नाई घालून राहिली म्हणून जीव वर आला होता माझा," त्या म्हणाल्या. "पण तू बराबर थांबली वं. माझ्यापेक्षा बराबर."

भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळ्यावर नीलाने यंदाचं वर्ष लिहिलं, कुळाच्या रकान्यात पहिल्यांदाच 'पाणथळ' लिहिलं, आणि खडू धरून विचारलं, "डेक कोणी रचला? तुझंच नाव ना?"

"दोन नावं लिही," हिमानी म्हणाली.

"माझं कायले?" कुसुमताई लाजल्या. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तशा त्या पदर सावरून उठल्या आणि फळ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"लिहितेच तं पूर्ण लिही बाई. कुसुम रामाजी ठवकर. अन् पुढं गाव टाक, कुही."