पाळीचा ताबा

बावीस वर्षं मी वीज केंद्रात बॉयलरवर काढली, नंतरची आठ आमदारकीत. सभागृहात मला 'जुनं इंजिन' म्हणतात. म्हणू देत. नवीन चालवून दाखवा, मग जुनं मोडा, एवढंच माझं म्हणणं असतं.

आमचं केंद्र वर्षअखेर बंद करायचं विधेयक माझ्याच पक्षाच्या सरकारनं आणलं. नवीन केंद्राचा पायासुद्धा खणलेला नव्हता. सहाशे चाळीस माणसं घरी बसणार आणि ऐन थंडीत अर्धं शहर अंधारात. हे ठरवलं कोणी, असं विचारलं की उत्तर एकच, "वरून आलंय." वर कोण बसलंय, ते कोणी सांगेना. माझं डोकंच फिरलं.

सकाळी पाळी बदलताना मी केंद्रात गेलो. नियंत्रण कक्षात तीच तेलकट खुर्ची होती आणि टिचकी मारल्याशिवाय न हलणारा तोच दाबाचा काटा. पाळीप्रमुख माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. सगळ्यांसमोर मी सरकारची यथेच्छ सालटी काढली. टाळ्या पडल्या. लोक पांगल्यावर वहिनीनं एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"भाऊजी, हे मागच्या वर्षीच्या कायद्याचं एकतिसावं पान."

"तो चिमणीच्या धुराचा कायदा. मीच हात वर केला होता की."

"वाचा तर."

वाचलं. केंद्र बंद करताना कामगारांचं म्हणणं ऐकायची गरज नाही, आणि तो निर्णय कोणी घेतला हे जाहीर करायचीही गरज नाही. तळाशी दोन ओळींत सगळा कारभार आटोपला होता.

आमच्याकडे ताबा घेताना आधीच्या पाळीची नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि मगच सही करायची. न वाचता सही करणारा सापडला की घरी. पाळीप्रमुख असताना माझ्या हातानं मी दोघांना घरी पाठवलं होतं.

"दोघांना गेटबाहेर काढलंत, भाऊजी," वहिनी म्हणाली. "तिसऱ्याचं काय करायचं?"

मान खाली घालून मी बाहेर पडलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मतदानाच्या दिवशी पक्षाच्या प्रतोदांनी मला दारातच गाठलं. "विरोधात गेलात तर पुढचं तिकीट विसरा."

"विसरलो," मी म्हणालो आणि आत गेलो.

बोलायची वेळ आली तेव्हा मी आधी स्वतःचंच नाव घेतलं. "मागच्या वर्षीच्या कायद्याला मी न वाचता हात वर केला. सहाशे चाळीस घरांवर आलेली ही वेळ माझ्यामुळे आली. चूक माझी आहे, वरून आलेली नाही. आजचं विधेयक ज्यांनी शेवटपर्यंत वाचलंय, त्यांनी उभं राहावं."

कोणी उठलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांनी विषयाला धरून बोलावं."

"हाच विषय आहे," मी म्हणालो. "वाचून होईपर्यंत मी खाली बसणार नाही. माझे गुडघे बॉयलरवर तयार झालेत."

मागच्या बाकावर कोणीतरी पान उलटलं. मग दुसऱ्यानं. थोड्या वेळानं सगळीकडून कागदांचा आवाज यायला लागला. शेवटी प्रतोदांनीही खिशातून चष्मा काढला.

वाचून झाल्यावर विधेयक मताला न टाकता समितीकडे पाठवलं गेलं. कामगारांचं ऐकल्याशिवाय ते येणार नाही, असं ठरलं. आल्यावर पुन्हा भांडू. मी मात्र त्याच दुपारी अध्यक्षांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. तिसऱ्यालाही गेटबाहेर काढायलाच हवं होतं.

पोटनिवडणुकीला मी अपक्ष उभा आहे. ठेवायचं तर लोक ठेवतील, नाहीतर मी घरी बसेन. अर्ज नऊ पानांचा होता. कारकून म्हणाला, "साहेब, सगळे नुसती सही करतात." मी खुर्ची ओढली, त्याला चहा घेऊन यायला सांगितलं, नऊच्या नऊ पानं वाचली आणि मग सही केली.