कपाटात कोंडलेला वाक्प्रचारकोश

मी एक जुना वाक्प्रचारकोश आहे, मित्रांनो. माझ्या पोटात इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे मराठी अर्थ आहेत. पण आज मी गोड बोलणार नाही, कारण मला फार राग आलेला आहे.

नागपूरच्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आलो आणि थेट लाकडी कपाटात गेलो. मुख्याध्यापक हिरालाल सरांचा नियमच होता, की तपासणीला साहेब येतील तेव्हा पुस्तके कोरी करकरीत दिसली पाहिजेत. साहेब येत, मला उलटसुलट करून पाहत आणि शेरा लिहीत, ‘पुस्तके उत्तम स्थितीत’. कोणी न वाचलेल्या पुस्तकाची ही स्तुती!

यंदा दहावीतल्या दुर्गेश्वरीने हट्ट करून मला घरी नेले. सप्टेंबरात तालुक्याची इंग्रजी स्पर्धा होती. पण जुलैत तिच्या घरी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. मग तिने मला प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवले. एक वाक्प्रचार वाचायचा आणि बांधीतल्या चिखलात रोपे रोवत मागे सरकताना तो मोठ्याने घोकायचा. आठवडाभरात सोबतच्या बायाही अर्थ सांगू लागल्या. ‘बीट अराउंड द बुश’ म्हणजे आढेवेढे घेणे. ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजचे काम इथेच थांबवणे. संध्याकाळी दुर्गेश्वरीची आई तुलसा कंबर सरळ करून म्हणायची, “कॉल इट अ डे, बायांनो.” माझ्या पानापानावर चिखलाची बोटे उमटली. एवढा मान मला कोणत्याही साहेबाने दिला नव्हता.

असे एम अक्षरापर्यंतचे वाक्प्रचार संपले, आणि धुऱ्यावरून जाणाऱ्या हिरालाल सरांच्या नजरेस मी पडलो.

“चिखल काऊन लावला? शाळेचं पुस्तक होय हे.”

“पोरगी वाचून राहिली होती जी,” तुलसा म्हणाली.

ऐकतो कोण? सरांनी मला पुसून पुन्हा कपाटात कोंडले. स्पर्धेत दुर्गेश्वरीने एमपर्यंतची उत्तरे धडाधड दिली. मग ‘स्टँड युअर ग्राउंड’ विचारले आणि तिथे ती अडली. अर्थ साधा आहे. माघार न घेता आपल्या जागी ठाम उभे राहणे. तो माझ्यात होता, पण मी कुलपात होतो. मला चीड येणार नाही तर काय?

गेल्या आठवड्यात तपासणी जवळ आली म्हणून साफसफाईला दहावीच्या मुलींना बोलावले. कपाट उघडले तर ओलसर भिंतीतून वाळवी शिरलेली. माझा मागचा अर्धा भाग तिने फस्त केला होता. सर म्हणाले, रद्दीत टाका. दुर्गेश्वरीने मला उचलले, उरलेली पाने चाळली आणि छातीशी धरले. सरांनी हात पुढे केला.

“देणार नाही, सर. तुम्ही कपाट कोरं ठेवा. हे मी नेऊन राहिली.”

सर ओरडले. बापाला बोलावीन म्हणाले. ‘स्टँड युअर ग्राउंड’चे पान केव्हाच वाळवीच्या पोटात गेले होते. दुर्गेश्वरी मात्र जागची हलली नाही. शेवटी सरांनीच हात मागे घेतला.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असे एखादे कुलूपबंद कपाट असेल. उद्याच जा आणि किल्ली मागा. हात मळलेले असले तरी चालतील.