उजवीकडचं फूल

अमरसिंहाला बहिणीची किडनी चालेल का, हे डॉक्टरांनी ठरवायच्या आधीच त्याच्या आईनं, चिमणाबाईंनी, देवाला विचारून घेतलं होतं. कौल लावला, मूर्तीच्या उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे होकार. देवाचाच होकार आल्यावर अनुजाला विचारतंय कोण! पन्हाळ्याखालची सगळी वाडी तिचं कौतुक करून मोकळी झाली.

अनुजाची पोलीस भरती मात्र आठवड्यावर आली होती. दोन वर्षं माळावर धावून तिनं दम कमावला होता. भावावर जीव नव्हता असं नाही. पण हा जीवही तिचाच होता. असं मनात येतं, याचीच तिला लाज वाटत होती.

आईला साखर, म्हणून ती बाद. महिन्यापूर्वी वडील ज्ञानू तपासणीला आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "माझं न्हाय जुळत." तेव्हापासून ते कुणाकडे वर मान करून बघत नव्हते.

आज कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अनुजाला एकटीला आत घेतलं आणि दार लावलं.

"जुळतंय. पण तुमची मनापासून तयारी आहे का? नसेल, तर बाहेर 'जुळत नाही' एवढंच सांगू. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. आम्ही प्रत्येकालाच हे विचारतो."

"परत्येकाला?"

बाईंनी पुढ्यातली फाईल मिटली. अनुजाला महिन्यापूर्वी इथूनच बाहेर आलेले वडील आठवले. म्हणजे आबांनाही विचारलं असणार! आधी तिला राग आला, मग हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून भीती वाटली. पलीकडच्या खोलीत अमरदादा सुजल्या तोंडानं पडून होता.

ती बाहेर आली. आई पदराखाली नारळ धरून उभीच होती.

"काय म्हणाल्या गं?"

"न्हाय जुळत." अनुजा थांबली. मग बाकावर बसलेल्या वडलांकडे बघत म्हणाली, "आबांचं जसं न्हाय जुळलं, तसंच."

चिमणाबाईंनी पदराखालचा नारळ बाहेर काढला. "आन् फूल? उजवं पडलं हुतं की!"

ज्ञानूंनी महिन्याभरात पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. ते उठले.

"पोरीचं न्हाय जुळत," ते बायकोला म्हणाले. "माझं जुळतंय. भ्यालो हुतो मी."

चपला बाहेर काढून त्यांनी डॉक्टरांचं दार ढकललं. 'आबा, थांबा,' हे शब्द अनुजाच्या अगदी ओठांवर आले. ते तिनं गिळले.