तीन कार्बोरेटर आणि एक कुलूप

मी एक जुनी गाडी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. आखातातल्या उम्म अल कुवैनमध्ये, एका बैठ्या व्हिलाच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली माझा मुक्काम असतो. कोणी जवळ येऊन माझं कौतुक करू लागलं, की मी आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघते. हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आले नव्हते. तो मला कसा जडला आणि त्यापायी एका भल्या माणसाच्या वाट्याला काय आलं, ते ऐका.

माझा जन्म अमेरिकेतला, नव्वद वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी दोन दारांची साधी, सभ्य गाडी होते. एका डॉक्टरांना घेऊन गावोगाव फिरायचे. डॉक्टर थकल्यावर एका तरुणाने मला विकत घेतलं आणि माझा अवतारच बदलून टाकला. चारही मडगार्डं काढली, छप्पर मधून कापून मला चार बोटं बुटकी केली, मागे रुंद टायर चढवले आणि पुढे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन बसवलं. इंजिनावर ओळीने तीन कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल बेताने मिसळून इंजिनाला भरवणारा भाग. साध्या गाडीला एक पुरतो, मला तीन लागतात. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. मी सुरू झाले की शेजाऱ्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

चाळीस वर्षांपूर्वी इथल्या रुवैसच्या तेल कारखान्यात नोकरीवर आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने मला बोटीतून इकडे आणलं. तीन वर्षं मी वाळवंटातल्या सरळ रस्त्यांवर मनसोक्त पळले. मग त्याची नोकरी संपली, तो विमानात बसला आणि मी भिंतीच्या कडेला उभी राहिले. तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. 'जरा बघतो' म्हणत एक जण आला आणि डॅशबोर्डावरचं घड्याळ गेलं. दुसऱ्याने दिवे पॉलिश करायला नेले, ते नेलेच. तिसरा तर चांगला मेकॅनिक होता. त्याच्याकडे मी महिनाभर राहिले आणि परतले ती दोन्ही आरसे, दारांच्या मुठी नि बॅटरीची पेटी गमावून. यांच्यातला एकही भिंतीवरून उडी मारून आला नव्हता. सगळे मदत करायला आले होते, त्यामुळे कोणी मदतीला आलं की मी आधी त्याचे हात बघू लागले. पुढची कितीतरी वर्षं मी एका भंगारवाल्याच्या आवारात, मोडक्या बसगाड्यांच्या मागे काढली. तीन कार्बोरेटर तेवढे वाचले, कारण ते गंजून इंजिनाला घट्ट बसले होते.

तिथे मला हिलरीने पाहिलं. हिलरी मूळचा वसईचा. एका मोठ्या हॉटेलात एसी, पंप, लिफ्ट यांची देखभाल बघतो. एकोणीस वर्षं इकडे आहे. त्याने मला ट्रेलरवर घालून घरी आणलं, तेव्हा त्याची बायको इसाबेल कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"आठ हजार दिरहम?" ती म्हणाली. "म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये, हिलरी. या गंजक्या पिंपाला?"

"अगं, बॉडी बघ तिची."

"बॉडीच बघतेय. आरपार पलीकडची भिंत दिसतेय."

मला ती बाई पहिल्याच दिवशी आवडली. तोंडावर बोलणारा माणूस मागून काही काढून नेत नाही.

हिलरी हौशी होता, पण माझ्या जातीचं इंजिन त्याने कधी उघडलं नव्हतं. म्हणून त्याने अर्सलानला बोलावलं. अर्सलान सियालकोटचा, पन्नाशीचा, इंडस्ट्रियल एरियात त्याचं लहानसं गॅरेज. शुक्रवारची नमाज आटोपली की तो यायचा. डाव्या पायाने किंचित लंगडायचा, त्यामुळे त्याची चप्पल फरशीवर घासत यायची. इसाबेल त्याला आल्याआल्या जेवायला वाढायची. सुरमईची आमटी नि भात खाऊन दोघे माझ्याखाली शिरायचे ते अंधार पडेपर्यंत. माझी सडलेली जमीन त्यांनी कापून काढली, नवा पत्रा जोडला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, इंजिनाचा एकेक नट तेलात बुडवून मोकळा केला. चौथ्या महिन्यात हिलरीने फाटकाच्या कुलुपाची दुसरी किल्ली अर्सलानच्या हातात ठेवली. मनात येईल तेव्हा ये, म्हणाला.

माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. कारण एका दुपारी अर्सलानने माझे कार्बोरेटर सोडवले, तळहातावर धरून कितीतरी वेळ न्याहाळले आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढले. "ऐसा पीस अब मिलता नहीं, हिलरी भाई," तो म्हणाला. "जिसके पास है, वो बादशाह." घड्याळ नेणाराही असंच काहीसं बोलला होता. तेव्हापासून मी अर्सलानवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला.

जून उजाडला. हिलरीने तिन्ही कार्बोरेटर घासून लखलखीत केले, आतले वायसर बदलले, जुन्या चादरीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळला आणि दूध पावडरच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. वाळू जाऊ नये म्हणून खोक्याला चहूबाजूंनी टेप मारली, जाड मार्करने वर काहीतरी लिहिलं आणि खोकं व्हरांड्यात सरकवलं. त्याच आठवड्यात वाळूचं वादळ सुटलं. मला जमिनीपर्यंत कव्हर घातलं. मला दिसेना, नुसतं ऐकू यायचं.

बुधवारी सकाळी फाटकाची किल्ली फिरली. हिलरी कामावर गेलेला. फरशीवर चप्पल घासत आली. काहीतरी जड उचलल्याचा आवाज झाला, एक सुस्कारा ऐकू आला आणि फाटक पुन्हा लागलं. गेले माझे कार्बोरेटर, मी मनाशी म्हटलं. दुपारी कार्गोवाले आले. इकडची माणसं उन्हाळ्यात गावाकडे खोकी पाठवतात. बदाम, दूध पावडर, ब्लँकेटं, अत्तरं. इसाबेलचीही व्हरांड्यात रचून ठेवली होती. ती फोनवर बोलता बोलताच आतून म्हणाली, "बाहर का सब ले जाओ, यल्ला, जल्दी." माणसं खोकी उचलून गेली. मी तिकडे लक्षही दिलं नाही. माझं सगळं मन सकाळच्या त्या चपलेत अडकलं होतं.

शुक्रवारी हिलरी कार्बोरेटर बसवायला म्हणून व्हरांड्यात गेला, तर खोकं नाही. त्याने शेड शोधली, स्टोअर शोधलं, पलंगांखालीसुद्धा पाहिलं.

"मी तुझ्या लोखंडाला हात लावत नाही, तुला माहितेय," इसाबेल म्हणाली.

"मग गेलं कुठे? फाटकाला कुलूप होतं."

"किल्ली कोणाकोणाकडे आहे?"

त्यांची मुलगी करेन शाळेचा अभ्यास करत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "डॅड, जस्ट आस्क हिम." पोरीचं बोलणं सरळ होतं, पण त्या दिवशी कोणी ते मनावर घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

अर्सलान नेहमीसारखा आला. हिलरीने त्याला विचारलं, "बुधवार को आप आए थे क्या?"

"हाँ, अपना जैक ले गया. गैराज में ज़रूरत थी. क्यों?"

"कुछ नहीं. ऐसे ही."

एवढंच. पुढचं वाक्य हिलरीच्या ओठांवर होतं, ते त्याने गिळलं. त्या दिवशी त्यांनी ब्रेक तपासले आणि हिलरीची नजर सारखी अर्सलानच्या पिशवीकडे जात राहिली. माझीही जात होती. कार्बोरेटर कुठे आहेत हे अर्सलानने विचारलं, तेव्हा हिलरी म्हणाला की पॉलिशला दिलेत.

दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाचं कुलूप बदललं.

पुढच्या शुक्रवारी मी कुलपात किल्ली घातल्याचा आवाज ऐकला. ती फिरेना. पुन्हा घातली, पुन्हा फिरेना. हिलरीने आतून फाटक उघडलं. "पुराना वाला रेत से जाम हो गया था," तो म्हणाला. अर्सलानने हिलरीच्या हातातल्या नव्या किल्ल्यांकडे पाहिलं. दोन होत्या. हिलरीने दोन्ही खिशात टाकल्या.

त्या दिवशी अर्सलान जेवला नाही, पोट बरं नाही म्हणाला. काम मात्र संध्याकाळपर्यंत केलं. निघताना त्याने आपले पाने एकेक करून चटईवर मांडले. मग पिशवी उलटी करून सगळी रिकामी केली. "फीता नहीं मिल रहा," म्हणाला. चटईवर दोन स्क्रू ड्रायव्हर, एक फडकं, औषधाची पट्टी आणि जपमाळ पडली. मापं घ्यायचा तो फीता तर त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. हिलरी दुसरीकडे बघत उभा राहिला. अर्सलानने सगळं पुन्हा भरलं आणि खुदा हाफिज म्हणून गेला. त्यानंतर तो आला नाही. फोन केला तर गॅरेजमध्ये काम फार आहे म्हणायचा.

मी तेव्हा खूश झाले, हे लपवत नाही. हिलरी एकदा सहज म्हणून त्याच्या गॅरेजवर गेला आणि फळ्यांवर नजर फिरवून आला. घरी येऊन म्हणाला, कुठे लपवलेत कळत नाही. कोणी आपल्यासारखाच संशयी भेटला की किती बरं वाटतं! पाच आठवडे मी इंजिन उघडं टाकून उभी होते, पण माझं खरं ठरलं याचंच मला समाधान होतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी वसईहून हिलरीच्या बहिणीचा, रोशेलचा फोन आला. हिलरी माझ्याजवळ उभा होता, फोन स्पीकरवर होता.

"हिलरी, कार्गो पोचला. सातही खोकी नीट आहेत."

"सात? इसाबेलने सहा पाठवली होती."

"सात आहेत. ऐक, त्यातल्या एकात चादरीत गुंडाळलेली तीन लोखंडी कसली भांडी आहेत? फ्लशच्या टाकीचं काही आहे का? आमच्या प्लंबरला दाखवलं, तो म्हणाला आपल्या मापाचं नाही."

हिलरीने विचारलं, "खोक्यावर काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? आपला पत्ता. तुझंच अक्षर आहे, चारही बाजूंना."

हिलरी माझ्या पुढच्या टायरवर बसला. एकोणीस वर्षं ज्या ज्या खोक्याला त्याने टेप लावली, ते वसईला गेलं होतं. टेप लागली की हात आपोआप मार्कर उचलायचा आणि गावचा पत्ता लिहायचा. त्या दिवशीही हाताने तेच केलं होतं आणि मनाला पत्ताच नव्हता. इसाबेलने कपाळावर हात मारून घेतला. कार्गोवाल्याने सात खोक्यांचं बिल दिलं होतं, तिने पाहिलंच नव्हतं.

"आता जाऊन सांग त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू? मी त्याला कधी काही म्हणालोच नव्हतो."

"तेच वाईट केलंस. म्हणाला असतास, तर बिचाऱ्याला उत्तर देता आलं असतं."

वसईच्या एका ओळखीच्या नर्सबाई सुट्टी संपवून इकडे परतत होत्या, त्यांच्या सामानातून कार्बोरेटर आले. हिलरी गॅरेजवर जाऊन अर्सलानला घेऊन आला आणि खोकं मधे ठेवून त्याने सगळं सांगितलं. भर उन्हात दोघे उभे होते.

"मैंने आप पर शक किया," हिलरी म्हणाला. "माफ़ कर दीजिए."

"मालूम था," अर्सलान म्हणाला. "ताला बदला, उसी दिन समझ गया था."

"तो आपने पूछा क्यों नहीं?"

"मैं क्यों पूछूँ, हिलरी भाई? पूछना आपको था."

मला हॉर्न आहे, तोंड नाही, नाहीतर मीही माफी मागितली असती. त्या माणसाने माझा एक स्क्रूसुद्धा कधी इकडचा तिकडे केला नव्हता. फोटो काढले होते ते नवे वायसर मापाचे मिळावेत म्हणून. दुकानदाराला फोटो दाखवून त्यानेच ते मिळवले होते, आणि इतके महिने मी मात्र त्याच्यात घड्याळचोर बघत बसले.

अर्सलानने हात धुतले आणि कामाला लागला. तिन्ही कार्बोरेटर बसवले. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, दुसरं एकेका कार्बोरेटरशी धरून, आत शिरणाऱ्या हवेचा आवाज तिन्हींत सारखा येईपर्यंत तो स्क्रू फिरवत राहिला. आणि मित्रांनो, मी धडधडत सुरू झाले. समोरच्या घराच्या काचा थरथरल्या. करेन टाळ्या वाजवत बाहेर आली, इसाबेल डोळे पुसत हसली. आता मी दर शुक्रवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरून येते आणि लोक थांबून माझे फोटो काढतात.

त्याच संध्याकाळी हिलरीने नव्या कुलुपाची किल्ली अर्सलानपुढे धरली. त्याने ती अदबीने घेतली, शुक्रिया म्हणाला आणि खिशात ठेवली. तो पुन्हा दर शुक्रवारी येतो, आमटीभात जेवतो, हसतो, माझ्या अंगावरून फडकं फिरवतो. पण आल्यावर फाटकाबाहेर उभा राहून बेल वाजवतो. कोणीतरी येऊन 'या' म्हणेपर्यंत आत पाऊल टाकत नाही. किल्ली त्याच्या खिशात असते. तो चालतो तेव्हा मला तिचा आवाज येतो.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं माझ्यासारख्या सगळ्याच जुन्या गाड्या तुम्हाला सांगतील. मी वेगळं सांगते. माझा गंज तर खरवडून निघाला, पत्रा नवा जोडता आला. मित्रांनो, तुमचं काही हरवलं आणि मनात एखाद्याचं नाव आलं, तर कुलूप बदलण्याआधी त्याला समोर बसवून विचारा. तो रागावेल, भांडेल, पण त्याला बोलता तरी येईल.

परवाच्या शुक्रवारी पुन्हा बेल वाजली. हिलरी हातातलं काम टाकून धावला. फाटक सकाळपासून सताड उघडं होतं आणि अर्सलान बाहेरच उभा होता.